नरवडे विरुद्ध नॉर्वे

आमचे नरवडेसर नवा माणूस भेटला की त्याचं नाव विचारत नाहीत, त्याचं वजन सांगतात. मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात एक उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलेले गृहस्थ उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी डोळे बारीक करून मला एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "चौपन्न. पर्स धरून पंचावन्न." मग प्रसन्न हसले. "या, बसा. इंग्रजीच्या ना तुम्ही? मी नरवडे, भौतिकशास्त्र."

घरी जाऊन मी पर्ससकट वजनकाट्यावर उभी राहिले. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर पर्स खाली ठेवते.

हे वेड त्यांना कुठंही आवरत नाही. गुलमंडीच्या बाजारातल्या एका कलिंगडवाल्यानं त्यांना गाडीजवळ उभं राहायची बंदी घातली आहे, कारण तो तराजूत टाकायच्या आत हे आकडा सांगतात आणि बाकीची गिऱ्हाइकं मग तराजूकडंच संशयानं बघायला लागतात. सरांचं लग्न राहून गेलं तेही ह्यामुळंच. तरुणपणी पैठणला मुलगी पाहायला गेले होते. मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली, आणि ह्यांच्या तोंडून आकडा निघाला. "चुकला का हो?" असं मी विचारलं, तर सर खिन्नपणे म्हणाले, "चुकला असता तर जमलं असतं मॅडम. बरोबर आला."

एवढ्यावरून कुणाला वाटेल की हा माणूस किराणा दुकानात असायला हवा होता. पण सर ज्याचं वजन करतात ते कुठल्याच तराजूत मावणारं नाही. ते आकाशगंगांच्या घडांचं वजन करतात. पुस्तकात त्याला दीर्घिकासमूह की असंच काहीतरी म्हणतात. सरांचा शब्द घड. "केळीचा असतो तसा. फक्त एकेक केळं म्हणजे एकेक आकाशगंगा."

त्यांच्या ह्या कामाला क्ष-किरण लागतात. इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते, कारण आपल्याकडं एक्स-रे म्हटलं की हाड. सर छावणी भागात रहीमचाचांच्या माडीवर भाड्यानं राहतात. एका सकाळी चाचा मोठा पिवळा लिफाफा घेऊन वर आले.

"प्रोफेसर साब, तुम एक्स-रे का काम करते बोलके सुना. जरा ये घुटना देखो."

"चाचा, मेरा वाला एक्स-रे बहुत दूर का है."

"कहाँ का? हैदराबाद का?"

"उससे भी आगे."

"तो बंबई का. अच्छे होते वहाँ के. देखो तुम."

सरांनी मग फिल्म खिडकीला लावली, बराच वेळ पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं की दोन हाडं फार जवळ आली आहेत, पण का आली हे सांगायला दुसरा माणूस लागेल. मग स्वतःच रिक्षा करून चाचांना हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनंही तेच सांगितलं. झालं! त्या दिवसापासून गल्लीत सरांचा दबदबा वाढला. अजूनही कुणाचा हात मोडला की प्लास्टरच्या आधी लिफाफा सरांच्या माडीवर जातो.

मला त्यांचं काम समजलं ते चहा पिता पिता. सर म्हणाले, "मॅडम, ह्या घडातल्या आकाशगंगांच्या मधल्या जागेत वायू भरलेला असतो. तापलेला म्हणजे असा तापलेला की आपला मे महिना त्याच्यापुढं कुल्फी. कोट्यवधी अंश. एवढा तापलेला वायू दिसतो फक्त क्ष-किरणांत, आणि ते किरण आपली हवा खाली येऊ देत नाय. म्हणून दुर्बीण वर, अवकाशात ठेवायची, आणि तिनं पाठवलेली माहिती मी इथं उघडून बसायचं. आता सांगा, एवढं तापल्यावर त्या वायूनं काय करायला पाहिजे?"

"उडून जायला पाहिजे."

"जात नाय ना पण! युगानुयुगं तिथंच. कामून? कारण आत काहीतरी लई वजनदार बसलंय, ते त्याला धरून ठेवतंय. जेवढा ताप जास्त, तेवढं धरणाऱ्याचं वजन जास्त. मी ताप मोजतो आणि वजन सांगतो."

दुसरी पद्धत भिंगाची. एवढा जड घड मध्ये आला की त्याच्या मागून येणारा उजेड वाकतो, त्यामुळं मागच्या आकाशगंगा ओढल्या जाऊन कमानीसारख्या दिसतात. सरांनी मला फोटो दाखवला. काळ्या जमिनीवर बांगड्या फुटून पडाव्यात तसे निळे बाकदार तुकडे. उजेड किती वाकला ते मोजायचं, की घडाचं वजन निघतं.

"म्हणजे तराजू दोन, माल एक," सर म्हणाले. "दोन्हीकडं आकडा एकच यायला पाहिजे. आणि तो येत नाय!" हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं त्यांना लॉटरी लागली आहे.

आकडा न येण्याचं कारण होतं नॉर्वे. तिथं इंग्रिड नावाच्या एक बाई सर वर्षानुवर्षं मोजत असलेला एक घड भिंगाच्या पद्धतीनं मोजत. त्यांचा आकडा सरांपेक्षा कितीतरी जास्त यायचा. सरांनी त्यांना पत्र लिहिलं, बाईंनी उलट लिहिलं, आणि भांडणाला तोंड फुटलं. सहा-सात वर्षं चाललेलं हे भांडण आमच्या स्टाफरूममध्ये 'नरवडे विरुद्ध नॉर्वे' म्हणूनच ओळखलं जाई. बाईंचं नाव शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी इंद्राबाई करून टाकलं होतं. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं लोक विचारत, "सर, इंद्राबाईचं काय म्हणणं?"

ह्या भांडणात मी ओढली गेले ती इंग्रजीमुळं. शोधनिबंधाचं इंग्रजी सरांना उत्तम येतं. पण निबंधात भांडता येत नाही अशी त्यांची तक्रार. मग ते माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढत आणि मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे.

"लिहा. बाई, तुमच्या भिंगाला तडा गेलाय. डोळे तपासून घ्या. मपला आकडा मी सोडणार नाय."

मी लिहायची, की आपल्या भिंगाच्या आराखड्याचा पुन्हा एकदा विचार व्हावा असं आम्हाला नम्रपणे सुचवावंसं वाटतं.

सर वाचून कपाळाला हात लावत. "हे काय मॅडम? हे तर वास्तुशांतीला या म्हणल्यासारखं झालं. तडा कुठंय त्यात?"

"इंग्रजीत तडा असाच असतो, सर."

"मग त्या लोकांचं आजवर एकही भांडण नीट झालं नसंल."

पण बाई काही कमी नव्हत्या. त्यांचं उत्तर आठवड्याच्या आत यायचं. 'तुमचा वायू कुणीतरी ढवळून ठेवला आहे आणि तो शांत बसला आहे असं समजून तुम्ही ताप मोजता. पेशंटला पळायला लावून थर्मामीटर लावू नये.' सर हे वाक्य स्टाफरूमभर वाचून दाखवत फिरले. "लई खडूस बाई! लई म्हणजे लईच!" लोक नातवाचं कौतुक ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.

उत्तर यायला दोन आठवडे लागले, तर सरांचं जेवण कमी होई. "आजारी पडली का काय? का माघार घ्यायलीय?" असं पुटपुटत ते कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत. मग पत्र आलं, की त्या दिवशी सगळ्यांना भजी.

आणि गेल्या संक्रांतीच्या मागंपुढं खुद्द इंद्राबाईच आल्या. मुंबईत कसलीशी परिषद होती, तिथून वेरूळ पाहायला येणार होत्या, आणि त्यांनी लिहिलं होतं, 'लेणी बघेन, पण आधी तुम्हाला बघेन.'

सरांची त्या आठवड्यातली अवस्था काय सांगू! मला धरून गुलमंडीवर घेऊन गेले, शर्ट घ्यायला. दुकानदारानं विचारलं, "ऑफिसवेअर दाखवू का पार्टीवेअर?" सर म्हणाले, "भांडायला जायचंय." दुकानदारानं मुकाट्यानं गडद रंगांचा गठ्ठा पुढं ओढला. "हे घ्या. डाग दिसत नाहीत."

चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही दोघं माझ्या गाडीनं गेलो. सर वाटेत तोंडातल्या तोंडात मुद्द्यांची उजळणी करत होते. बाहेर आल्या त्या बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, पाठीवर शाळकरी पोरासारखी सॅक. सरळ सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. सर पार गोंधळले. सगळे मुद्दे विसरले, आणि सवयीनं जे तोंडाशी होतं तेच इंग्रजीत बाहेर पडलं, "अठ्ठावन्न."

मी डोळेच मिटून घेतले.

"एकसष्ट," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा आकडा नेहमी कमीच येतो, डॉक्टर नरवडे."

विमानतळावरचे रिक्षावाले वळून बघतील इतक्या जोरात सर हसले. मी त्यांना असं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामना ठरला. मी दुभाषी म्हणून मध्ये बसले होते, पण माझी गरजच पडेना. दोघं आकड्यांतच भांडत होते. तास नसलेला अर्धा स्टाफ दारात उभा. बाई टेबलावर थाप मारत, सर फळ्यावर. सरांनी संगणकावर घडाचे आलेख एकामागून एक पुढं सरकवले. एक आलेख मात्र त्यांनी जरा जास्तच झटकन सरकवला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मागं घ्या."

सरांनी नाइलाजानं मागं घेतला. त्या तापलेल्या वायूत लोखंडही असतं, आणि आलेखात त्याची एक ठराविक रेघ उंचावलेली दिसते. रेघ कुठं आहे त्यावरून घड किती दूर आहे ते कळतं. एवढं मला माहीत होतं. बाईंनी बोट ठेवलं. मोठ्या रेघेच्या शेजारी, जरा अंतरावर, आणखी एक बारीक उंचवटा होता.

"हे काय?"

"काही नाय. कचरा आहे," सर म्हणाले, आणि आवाज इतका पडलेला होता की मी चमकून बघितलं.

बाई स्क्रीनला नाक लावून बघत राहिल्या. मग उठल्या, खोलीत एक चक्कर मारली, परत येऊन पुन्हा बघितलं. आणि एकदम टाळी वाजवून ओरडल्या. घड एक नव्हताच. दोन होते! एक पुढं, दुसरा त्याच्या मागं खूप दूर, बरोबर त्याच रेषेत. फळवाल्याच्या दुकानात एका घडामागं दुसरा टांगला, तर समोरून एकच दिसतो, तसं झालं होतं. बाईंचं भिंग दोन्ही घडांचं वजन एकत्र मोजत होतं, आणि सरांचा क्ष-किरणांचा ताप बहुतेक पुढच्या एकट्याचाच होता. तराजू दोन्ही बरोबर. मालच दुप्पट.

"आपण दोघंही बरोबर होतो!" असं म्हणत बाईंनी सरांना मिठी मारली. सर बिनतारेच्या विजेच्या खांबासारखे उभे. दारातून टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी पेढे मागवले. गणिताच्या मॅडमना काही कळलं नव्हतं, तरी त्यांनी डोळे पुसले. सगळं कॉलेज निकाल लागल्यासारखं नाचत होतं. सरांनी मात्र एक पेढा घेतला तो बराच वेळ हातातच धरून ठेवला.

मला वाटलं, हरल्याची खंत असेल. पण हरले कुठं होते?

दुपारी सरांच्या शेतावर हुरडा ठरलेला होता. चितेगावच्या पुढं त्यांची थोडी जमीन आहे, ती त्यांचे चुलतभाऊ बबनराव बघतात. बबनरावांनी आगटी पेटवून ठेवली होती. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून, तळहातावर चोळून, त्यांचे हिरवे दाणे बाईंच्या हातावर ठेवले. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. बाईंनी चटणीचा एक घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. बबनराव घाबरून म्हणाले, "पाणी द्या, पाणी!" बाई हात हलवत म्हणाल्या, नको, आणखी चटणी.

चटणीचा जाळ निवल्यावर बाईंनी विचारलं, तुमची जमीन कुठपर्यंत? मी मराठीत सांगितलं. सरांनी हात लांब करून दाखवलं, "त्या बांधापर्यंत."

"आधी त्या लिंबापर्यंत होती," बबनराव मोकळेपणानं म्हणाले. "पलीकडलं रान माझं. दरसाल माझा नांगर जरा जरा इकडं सरकला. सर कधी बोललेच नाय."

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर बाईंचा विश्वासच बसेना. आकाशातल्या आकड्यासाठी ज्या माणसानं सात वर्षं आपल्याला हैराण केलं, तो पायाखालची जमीन अशी सोडून देतो? "विचारा त्यांना, ह्यांच्याशी का भांडत नाहीत?"

मी विचारलं. सर कणसं चोळत होते. "बबनशी?" ते म्हणाले. "त्याच्याशी काय भांडायचं? तो तर भेटतोच की."

बबनराव हसले, मीही हसले. बाईंना मी ते वाक्य सांगितलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी सरांकडं जरा वेळ बघितलं आणि मग निखाऱ्यांकडं.

वेरूळ पाहून दोन दिवसांनी बाई गेल्या. निरोप द्यायला आम्हीच गेलो होतो. दोघांनी मिळून निबंध लिहायचं ठरलं होतं, बहुतेक भाग बाई लिहिणार होत्या. जाताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला, आणि सर म्हणाले, "थँक्यू, थँक्यू," आणि पुन्हा एकदा, "थँक्यू." मग सामानाच्या ट्रॉलीलाही एक नमस्कार करून टाकला.

परतताना जालना रोडवर गर्दी होती. मी म्हणाले, "सर, वाईट कशाला वाटून घेता? दोघंही बरोबर निघालात. ह्याहून चांगलं काय?"

"ती दुसरी रेघ मला मागल्या पावसाळ्यातच दिसली होती, मॅडम."

मी त्यांच्याकडं वळून बघितलं. "काय? कळलं होतं तुम्हाला?"

"दिसली त्याच दिवशी कळलं. दोन घड हायेत. मी दोनदा तपासलं."

"मग कळवलं का नाहीत? त्यानंतरही मी तुमची पत्रं लिहीत राहिले. तडा काय, डोळे काय!"

सर नव्या शर्टाच्या बाहीशी चाळा करत होते. "कळवलं असतं तर भांडण मिटलं असतं ना. मग पत्र कशाचं लिहायचं? तुम्हा लोकांना बोलता येतं. हवा कशी, पाणी कसं, पोरंबाळं कशी. मला नाय जमत. मला आकडाच सांगता येतो." मग बाही सोडून म्हणाले, "चूक केली. विज्ञानात असं करू नाय. मी इंद्राबाईंना सांगणार हाये ते. निबंधाच्या आधी सांगणार."

पुढं सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मॅडम, 'कसं चाललंय तुमचं' हे इंग्रजीत कसं लिहितात?"

मला हसूच आलं. "सर, हे पाचवीतलं लेकरूही सांगेल."

"ते नाय. ते तर लोक शिंकल्यासारखं म्हणतात आणि उत्तर ऐकायला थांबत पण नाय. खरंच विचारायचं असलं, तर कसं लिहितात?"

इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. सिग्नल सुटला. मागच्या रिक्षांनी हॉर्नचा सपाटा लावला. मी गाडी पुढं काढून कडेला एका झाडाखाली घेतली आणि म्हणाले, "आपण लिहू. तुम्ही नेहमीसारखं मराठीत सांगा. काय काय विचारायचंय त्यांना?"

सरांनी खिडकीची काच वर केली. मग घसा खाकरून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिकडं आता लई थंडी असंल. एकटीच राहते म्हणत होती. रोजचं जेवण कोण करतं, ते विचारा."